भुयारातली बत्ती

सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या जमिनीत हळदीची पेवे होती. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीचशी गेली, थोडी उरली. पेव म्हणजे तोंडाशी अरुंद आणि पोटाशी फुगलेला खोल खड्डा. हळद भरायची, तोंड मातीने लिंपून टाकायचे, की माल वर्षानुवर्षे कीड न लागता राहतो. कीड लागत नाही ती आतल्या हवेमुळे. बंद पेवातला प्राणवायू कमी होत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडा जगत नाही. माणूसही जगत नाही. म्हणून पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड काही तास मोकळे ठेवायचे, मग दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा. तळापर्यंत जळत राहिला तर माणूस उतरायचा, वाटेत विझला तर थांबायचे. जुन्या विहिरीचा गाळ काढणारेही हेच करत.

त्या कंदिलाने खालचे फारसे दिसत नसे, पण खाली जाण्याआधी कळायला हवे ते कळत असे. हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो. तो १६ टक्क्यांच्या आसपास आला की साधी ज्योत विझते. त्या हवेत माणसाला दम लागतो, डोके नीट चालत नाही, पण मागे फिरण्याइतके बळ अजून अंगात असते. ज्योतीची आणि माणसाची मर्यादा अशी एकमेकींच्या जवळ, आणि ज्योतीची किंचित आधी. जमिनीखाली उतरणाऱ्यांना याहून मोठा आधार कधी मिळाला असेल असे मला वाटत नाही.

आज मुठीत मावणारी बॅटरी हजारो ल्यूमेनचा झोत टाकते. मोबाईलचा टॉर्च तर प्रत्येकाच्या खिशात आहे. यातली कुठलीही बत्ती प्राणवायू संपलेल्या विहिरीत सोडली तरी तळापर्यंत तशीच लख्ख जळत राहते, आणि उतरलेला माणूस कोसळल्यावरही जळते. विहिरीत किंवा टाकीत एक उतरला, त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा, ही बातमी आपल्याकडे पुन्हा पुन्हा छापून येते. गटाराच्या किंवा मैल्याच्या टाकीत तर कंदीलही सोडता येत नाही, कारण तिथे मिथेन असतो आणि ज्योतीनेच भडका उडतो. भुयारातला उजेड दोनशे वर्षांत कसा वाढत गेला ही मोठी गोष्ट आहे, आणि ती सांगताना त्याच वाटेवर काय गळून पडले तेही सांगावे लागते.

मिथेनपासूनच सुरुवात करायला हवी. कोळशाच्या थरांतून हा वायू झिरपतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या खाणींत मेणबत्ती नेणे म्हणजे मरण ओढवून घेणे होते, आणि न नेता काम होत नव्हते. तेव्हा लोकांनी काय काय करून पाहिले! फिरत्या पोलादी चकतीवर गारगोटी धरून ठिणग्यांच्या उजेडात कोळसा फोडला. चकती फिरवायला एक मुलगा शेजारी उभा असे. कुजताना अंधारात चमकणारी माशांची कातडीसुद्धा नेऊन पाहिली. ठिणग्या सुरक्षित आहेत असा समज होता, तो स्फोटांनी खोटा ठरवला.

२५ मे १८१२ रोजी न्यूकॅसलजवळच्या फेलिंग खाणीत स्फोट झाला आणि ९२ जण गेले. त्यांत लहान मुलगे पुष्कळ होते. तिथले धर्मगुरू जॉन हॉजसन यांनी या अपघाताची हकीकत लिहून छापली. अशा बातम्या दाबण्याकडे खाणमालकांचा कल असे, म्हणून त्या छापण्याचे महत्त्व मोठे. त्यातून जी हालचाल सुरू झाली ती १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञापर्यंत पोचली. डॉक्टर क्लॅनी यांनी त्याआधीच एक दिवा करून पाहिला होता. किलिंगवर्थच्या खाणीतला जॉर्ज स्टीफन्सन, जो पुढे रेल्वेमुळे जगाला माहीत झाला, तोही त्याच महिन्यांत आपल्या हाताने दिवा घडवत होता. दिवा आधी कोणाचा, यावर पुढे कडवट भांडण झाले.

डेव्हीची युक्ती अशी की ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवायची, एका चौरस इंचात ७८४ भोके. हवा आणि वायू जाळीतून आत येतात आणि ज्योतीपाशी जळतातही, पण ती आग जाळीतून बाहेर येताना तारेला उष्णता देऊन बसते आणि बाहेरचा वायू पेटण्याइतकी तापलेली राहत नाही. जानेवारी १८१६ मध्ये हेबर्नच्या खाणीत हा दिवा खऱ्या वायूत नेऊन पाहिला. डेव्हीने त्याचे पेटंट घेतले नाही.

हा दिवा पेवातल्या कंदिलाच्या पुढे गेला. प्राणवायू कमी झाला की तो विझायचाच, शिवाय मिथेन असला की तो दाखवायचा. वात अगदी बारीक करायची आणि ज्योतीच्या माथ्यावर पाहत राहायचे. वायू सव्वा टक्क्याच्या आसपास गेला की ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसू लागते आणि प्रमाण वाढेल तशी ती उंच होते. सरावलेला माणूस त्या टोपीच्या उंचीवरून टक्केवारी सांगे. भारतातल्या कोळसा खाणींतही ओव्हरमन आणि मायनिंग सिरदार या देखरेख करणाऱ्यांना वायू तपासण्याची परीक्षा द्यावी लागते, आणि कित्येक पिढ्यांनी ती याच ज्योतीवर दिली. जो विषारी वायू ज्योत दाखवू शकत नाही तो कार्बन मोनॉक्साइड. त्यासाठी ब्रिटनच्या खाणींत पिवळी कॅनरी पाखरे नेत, ती १९८६ पर्यंत.

पण डेव्हीच्या दिव्याने माणसे मरायची थांबली, असे झाले नाही. वायूमुळे सोडून दिलेले थर मालकांनी पुन्हा उघडले. आता दिवा आहे ना, मग जा खाली. हवा खेळती ठेवण्याचा खर्च काहींनी टाळला. जोराच्या वाऱ्यात ज्योत जाळीबाहेर यायची, गंजलेल्या जाळीला भोक पडायचे. १८३५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे हे सगळे आले. साधन चांगले निघाले की त्याच्या भरवशावर जास्त धोक्याच्या जागी माणसे पाठवायची, ही खोड तेव्हापासूनची आहे.

आणि उजेड फारच अपुरा होता. जाळीतून बाहेर पडणारा प्रकाश एका मेणबत्तीच्याही खाली. त्या मिणमिणत्या उजेडात कोळशाच्या काळ्या भिंतीकडे पाहत वर्षे काढलेल्या कामगारांची बुबुळे थरथरू लागत. नजर एका जागी ठरत नसे, चक्कर येई, काहींना काम सोडावे लागे. ब्रिटनमध्ये १९०७ पासून हा आजार नुकसानभरपाईच्या यादीत आला. चांगल्या दिव्याची ही किंमत खाणकामगारांनी डोळ्यांनी चुकती केली, आणि विजेच्या दिव्याची घाई त्यांना का होती ते यावरून समजते.

विजेचा कॅप लॅम्प अमेरिकेतून आला. १९१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या जेड खाणीत स्फोट होऊन ८० हून अधिक माणसे मेली. तिथले बचावकार्य पाहिलेल्या जॉन रायन आणि जॉर्ज डाइक या दोन अभियंत्यांनी १९१४ मध्ये कंपनी काढली आणि एडिसनला गाठले. एडिसनची निकेल-लोखंडाची बॅटरी कमरेच्या पट्ट्याला, तिथून वायर पाठीवरून टोपीपर्यंत, टोपीवर काचेआड बल्ब. एक चार्ज एका पाळीला पुरेसा. हात मोकळे झाले, मान वळेल तिकडे उजेड वळू लागला आणि डोळ्यांचा तो आजार हळूहळू मागे हटत गेला. एडिसनच्या शोधांच्या यादीत फोनोग्राफ आणि बल्ब सगळ्यांना आठवतात. मला त्या यादीत हा पट्ट्याचा दिवा फार वर ठेवावासा वाटतो.

हीच रचना घेऊन आजही नागपूर, चंद्रपूर, यवतमाळच्या पट्ट्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या भूमिगत खाणींत माणसे उतरतात. पाळीआधी लॅम्प रूमच्या खिडकीशी रांग लागते. आपल्या नंबरचा दिवा घ्यायचा, परतताना तो तिथेच चार्जिंगला लावायचा. पाळी संपली आणि एखादी जागा रिकामी राहिली तर कोण अजून खाली आहे ते त्या रिकाम्या जागेवरूनच कळते. सामान्य माणसाला हे पाहता यावे म्हणून नागपूरजवळच्या सावनेरच्या खाणीत पर्यटकांना नेण्याची सोय सुरू करण्यात आली होती.

खाणींत विजेचा दिवा आला तरी गुहा धुंडाळणारे लोक बराच काळ ज्योतीलाच धरून होते. त्यांची ज्योत कार्बाइडची. वरच्या डबीतले पाणी थेंबथेंब खालच्या कॅल्शियम कार्बाइडवर पडते, ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि टोपीवरच्या बारीक तोटीतून पांढरी, पसरट ज्योत निघते. चोरून आंबे पिकवण्यामुळे बदनाम झालेले कार्बाइड ते हेच, आणि त्याचा तो लसणासारखा वासही तोच. कार्बाइड स्वस्त, डब्यात भरून कितीही न्यावे, थंडीत ज्योतीवर हात शेकावेत. उजेड चहूकडे सारखा पडतो, त्यामुळे गुहेचा आकार एका नजरेत समजतो. जुने गुहाशोधक त्या उजेडाबद्दल अजून हळवे होऊन बोलतात. मिथेन झिरपणाऱ्या कोळशाच्या खाणीत मात्र उघड्या ज्योतीला जागा नव्हती.

या ज्योतीचा मोठा दोष हवेच्या बाबतीत आहे. ॲसिटिलीन चिवट. साधी मेणबत्ती विझते त्या हवेत कार्बाइडची ज्योत जळत राहते आणि प्राणवायू बराच खाली गेल्यावर हार मानते. तोवर माणसाची शुद्ध डळमळलेली असते. दिसायला ज्योत, पण तिच्यावर पेवातल्या कंदिलासारखा भरवसा ठेवता येत नाही. वापरलेल्या कार्बाइडचा पांढरा चुना कित्येक गुहांत साठला, छतांवर काजळी बसली, आणि त्या खुणा निघता निघत नाहीत.

मग १९९० च्या दशकात जपानमध्ये निळा एलईडी तयार झाला. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चे नोबेल मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळसर फॉस्फरचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. जुना तारेचा बल्ब एका वॉटमागे साधारण १५ ल्यूमेन द्यायचा, चांगला पांढरा एलईडी १०० च्या वर देतो. सोबत लिथियमचे सेल आले. या दोन गोष्टी एकत्र येताच हातातल्या बत्तीचा सगळा हिशेब बदलला, आणि जाहिरातींचाही.

हा हिशेब ग्राहकाने एकदा स्वतः करून पाहावा. बहुतेक चांगल्या बॅटऱ्यांत १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा एक लिथियम सेल असतो. चांगल्या सेलमध्ये साधारण १२ वॉट-तास ऊर्जा मावते. वॉटमागे १०० ल्यूमेन धरले तर १०० ल्यूमेनचा उजेड १२ तास मिळतो, १००० ल्यूमेनचा जेमतेम सव्वा तास. १०,००० ल्यूमेनला १०० वॉट हवेत. त्यांतली दोन तृतीयांश वीज उष्णता होऊन बाहेर पडते. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या डाग देण्याच्या इस्त्रीला २५ वॉट पुरतात. इथे तिच्या अडीचपट उष्णता मुठीतल्या धातूच्या नळीत कोंडायची आहे. म्हणून आतले सर्किट काही मिनिटांतच उजेड खाली आणते. आणावाच लागतो. खोक्यावरचा मोठा आकडा त्या पहिल्या काही मिनिटांचा असतो.

अमेरिकेतल्या टॉर्च बनवणाऱ्यांनी मिळून २००९ मध्ये मोजमापाची एक पद्धत ठरवली, ती आता सगळीकडे दिसते. त्या पद्धतीत ‘इतके तास चालते’ याचा अर्थ उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. ‘इतके मीटर झोत’ म्हणजे उजेड पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो ते अंतर. झोत दुप्पट लांब न्यायचा तर त्याची तीव्रता चौपट लागते: १०,००० कँडेलाला २०० मीटर, ४०,००० कँडेलाला ४००. हे आकडे खोटे नाहीत. पण भुयारात ४०० मीटर सरळ वाट क्वचित मिळते. बहुतेक वेळ माणूस आपल्या पायापुढची दोन मीटर जमीन पाहत असतो, आणि तिथे प्रखर झोत ओल्या दगडावरून उलटा डोळ्यांत येतो. अंधाराला सरावलेली नजर एका क्षणात जाते आणि पुरती परत यायला वीस-तीस मिनिटे लागतात.

मेघालयात हे चांगले कळते. तिथल्या चुनखडीच्या टेकड्यांत १९९२ पासून मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशन आणि युरोपातले गुहाशोधक मिळून जवळजवळ दरवर्षी, पाऊस नसलेल्या महिन्यांत, गुहांचे नकाशे करत आले आहेत. जैंतिया टेकड्यांतली क्रेम लियाट प्राह ३० किलोमीटरहून लांब आहे. मौसिनरामच्या बाजूची क्रेम पुरी वालुकाश्मातली, साडेचोवीस किलोमीटर, त्या जातीच्या दगडातली जगातली सर्वांत लांब गुहा म्हणून २०१८ मध्ये तिची नोंद झाली. लियाट प्राहमध्ये विमानांच्या हँगरचे नाव दिलेले एक प्रचंड दालन आहे. तिथे लांब झोताची बॅटरी खरोखर लागते, नाहीतर छत कुठे आहे तेच कळत नाही. बाकी वाटा सरपटत, पाण्यातून, चिखलातून. तिथे डोक्यावरचा रुंद, मंद उजेड हवा.

डोक्यावरच्या बत्तीची एक अडचण सांगितल्याशिवाय कळत नाही. ती डोळ्यांच्या इतकी जवळ असते की तिने पडलेल्या सावल्या वस्तूंच्या मागे लपतात. खळगा आणि सपाट दगड एकसारखे दिसतात. दमट हवेत स्वतःच्याच श्वासाची वाफ झोतात उजळते आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. म्हणून अनुभवी माणूस दुसरी बत्ती कमरेशी हातात धरतो. बाजूने उजेड पडला की जमिनीचे उंचसखल लगेच उघडे होते. नकाशा करताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. होकायंत्र वापरताना सेलचे पोलादी कवच आणि बत्तीच्या बुडाशी आजकाल बसवलेले चुंबक दोन्ही लांब ठेवावी लागतात, नाहीतर सुई ढळते आणि एका मापातली ती चूक पुढच्या सगळ्या नकाशात जाते.

प्रत्येकाजवळ एकमेकांवर अवलंबून नसलेल्या तीन बत्त्या, हा गुहाशोधकांचा जुना दंडक. एलईडीच्या काळात तो सैल होताना दिसतो, आणि मला ते बरे वाटत नाही. तारेचा बल्ब सेल उतरत आला की पिवळा पडायचा, मग तांबूस. परतायची वेळ झाली, हे तो सांगायचा. एलईडीमागचे सर्किट उजेड शेवटपर्यंत एकसारखा ठेवते आणि लिथियम सेल रिकामा होताच पुरवठा तोडते. पूर्वसूचना नसेल तर क्षणात मिट्ट काळोख. चांगल्या बत्त्यांत आता सेलची पातळी दाखवणारा दिवा किंवा इशाऱ्याची उघडझाप असते. ती नसलेली बत्ती भुयारात नेऊ नये.

काही जागी मात्र उजेडच उपयोगाचा नसतो. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत फुटबॉल संघातली बारा मुले आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले. २ जुलैला जॉन व्होलान्थन आणि रिक स्टँटन हे ब्रिटिश गुहा-पाणबुडे त्यांच्यापर्यंत पोचले. वाटेतले पाणी चिखलाने इतके गढूळ होते की हेल्मेटवरच्या बत्त्या जळत असूनही पुढचा हात दिसत नव्हता. वाट कळत होती ती अंथरलेल्या दोरीवरून, मुठीतून ती सरकवत. गुहेतले पाणी उपसण्यासाठी सल्ला द्यायला किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तिथे गेले होते, हे सांगली भागातल्या लोकांना चांगले आठवत असेल. १० जुलैला शेवटचा मुलगा बाहेर आला.

सिल्क्यारा बोगद्याचा अपघात तर आपल्या दिवाळीच्याच दिवशीचा. १२ नोव्हेंबर २०२३, लक्ष्मीपूजनाची पहाट. उत्तरकाशीत बांधकाम चालू असलेल्या बोगद्याचा एक भाग कोसळला आणि ४१ कामगार ढिगाऱ्यामागे अडकले. त्यांच्या बाजूला सुमारे दोन किलोमीटरचा तयार बोगदा होता आणि तिथली वीज चालू राहिली होती. सतरा दिवस त्या माणसांनी उजेडात काढले, फिरायला जागा होती, आणि प्राणवायू नळीतून जात होता. त्यांचे चेहरे जगाला दिसले ते सहा इंची पाइपातून आत सरकवलेल्या, टोकाला बारीक दिवा असलेल्या कॅमेऱ्यातून. शेवटी यंत्राचे पाते मोडले आणि राहिलेला ढिगारा हाताने खणणाऱ्या कामगारांनी पोखरला, पाइपात आडवे होऊन, एका वेळी एक-दोघे. २८ नोव्हेंबरच्या रात्री सगळे बाहेर आले. बचावाच्या त्या सगळ्या हकीकतीत हवेची नळी पहिल्या दिवसापासून पहिल्या क्रमांकावर होती.

पूर्वीचे भुयार खणणारे उजेड आणि हवा हे दोन्ही एकत्र सांभाळत. इराणमध्ये कनात, म्हणजे जमिनीखालचे कालवे, खोदणारे कारागीर तेलाचे दोन दिवे मागेपुढे ठेवून त्यांच्या रेषेत बोगदा सरळ नेत, आणि तीच ज्योत मंदावली की हवा खराब झाली हे ओळखत. ती विद्या मोगल काळात तापीकाठी बुऱ्हाणपूरला आली. तिथल्या कुंडी भंडाऱ्यात जमिनीखालच्या कालव्यावर ओळीने विहिरींसारख्या कुंड्या आहेत. त्यांतून वरचा उजेड खाली जातो आणि हवाही. मलिक अंबरच्या औरंगाबादेतल्या नहरींवरही अशीच तोंडे ठेवलेली आहेत.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या हातात आता जबरदस्त बॅटऱ्या आल्या आहेत, आणि गडावरचे एखादे भुयार, बुजलेले टाके, कातळातली वटवाघळांची गुहा दिसली की आत जायचा मोह वाढला आहे. वटवाघळांचा विचार फार कमी जण करतात. खानापूर तालुक्यात, गोव्याच्या हद्दीलगत, तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहे. रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ ही दुर्मीळ जात जगाला पहिल्यांदा तिथे सापडली. दीर्घकाळ तिची एवढीच जागा माहीत होती. अशा ठिकाणी छतावर हजारो ल्यूमेनचा झोत मारला तर पिल्ले पोटाशी धरलेल्या माद्या उडतात आणि पिल्ले खाली पडतात. तिथे झोत जमिनीकडे, मंद, आणि थोडाच वेळ ठेवायचा. विणीच्या दिवसांत जायचेच नाही.

राहिली हवा. खाणींत आता ज्योतीच्या जोडीला मिथेन मोजणारे यंत्र असते, आणि मिथेन, प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड असे चार वायू एकाच वेळी मोजून कर्कश इशारा देणारे यंत्र खिशात मावते. वेळोवेळी त्याचे माप तपासून घ्यावे लागते. ट्रेकिंगच्या गटांकडे दोर असतात, हेल्मेट असतात, प्रथमोपचाराची पेटी असते, आणि प्रत्येकाजवळ एकाहून एक महाग हेडटॉर्च. त्यातल्या दोन-चार टॉर्चच्या पैशांत गटासाठी एक असे यंत्र येऊ शकते. ग्रामपंचायतींनीही ते विकत घेऊन ठेवायला हवे, म्हणजे उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला माणूस उतरण्याआधी दोरीला बांधून तेच खाली सोडता येईल.